तयारी पूर्ण होण्याची वाट न पाहणारा माणूस : लक्ष्मणराव किर्लोस्कर



धायरी फाट्यावरून गावाकडे आत वळलात की इमारतींच्या मधेमधे पत्र्याचे गाळे दिसतात. कुठे लेथ मशीन चालू असते, कुठे वेल्डिंगच्या ठिणग्या उडत असतात. नऱ्ह्याच्या बाजूला तर असे गाळे आणखी दाट. माझ्या वर्गातल्या बऱ्याच मुलांचे बाबा अशाच वर्कशॉपमध्ये कामाला आहेत. कुणी दहा वर्षांपासून, कुणी पंधरा वर्षांपासून. हात इतका बसलेला की नुसत्या आवाजावरून मशीनचे दुखणे ओळखतील!

एकदा वर्गात मी विचारले, की तुमच्यापैकी कुणाच्या बाबांना स्वतःचा गाळा सुरू करायचा आहे? सात-आठ हात वर आले. मग विचारले, कधी करणार? तेव्हा एका मुलाने अगदी सहज सांगितले, की बाबा म्हणतात अजून तयारी झालेली नाही. बाकीच्यांनीही माना डोलावल्या. सगळ्यांच्या घरी तेच उत्तर होते!

घरी आल्यावरही ते उत्तर डोक्यातून जाईना. तयारी म्हणजे नक्की काय? ती कधी पूर्ण होते? आणि ती झाली हे आपल्याला कोण सांगते? याचे उत्तर शोधताना मला एक जुने मास्तर आठवले. होय, ते मूळचे शिक्षकच! आज त्यांची गोष्ट तुम्हाला सांगते. त्यांचे नाव लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर.

चित्रकार व्हायला निघालेला मुलगा

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावी झाला. शाळेच्या पुस्तकांत त्यांचे मन फारसे रमत नसे. दोन गोष्टींचे वेड मात्र होते. एक चित्रे काढण्याचे आणि दुसरे यंत्रांचे. घरच्यांना काळजी वाटणे साहजिकच होते. शाळा सोडून चित्रे काढणाऱ्या मुलाचे पुढे होणार काय? पण थोरले बंधू रामचंद्र, म्हणजे रामूअण्णा, पाठीशी उभे राहिले. त्यांच्या आधारावर १८८५ साली लक्ष्मणराव मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले.

दोन वर्षे झाली आणि एक मोठा धक्का बसला. त्यांना काही रंग नीट ओळखता येत नाहीत, हे लक्षात आले. म्हणजे अंशतः रंगांधळेपणा! मुलांनो, विचार करा. ज्याला चित्रकार व्हायचे आहे त्यालाच रंग कळत नाहीत. आपण असतो तर काय केले असते? कदाचित गाशा गुंडाळून गावी परतलो असतो.

लक्ष्मणरावांनी रंग सोडले, पण रेघ सोडली नाही. यंत्रांची रेखाचित्रे काढायला रंग लागत नाहीत. तिथे लागते अचूक माप, सरळ रेघ आणि बारीक नजर. ते सगळे त्यांच्यापाशी होते. ते यंत्रांचे रेखाटन शिकले आणि त्याच बळावर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक म्हणून लागले. आज आपण जिला व्हीजेटीआय म्हणतो तीच ही संस्था.

तास संपला की ते घरी जायची घाई करत नसत. संस्थेच्या कार्यशाळेत जाऊन यंत्रे उघडून बघत, चालवून बघत. इंजिनिअरिंगची पदवी त्यांच्याजवळ कधीच नव्हती. पण हात तेलकट करायची लाज नव्हती.

पहिले पाऊल : सायकली

त्या काळी सायकल म्हणजे मोठी नवलाईची वस्तू. मुंबईत ती दिसू लागली होती. लक्ष्मणरावांच्या मनात आले, ही बेळगावात का नको? मग भावाभावांनी काम वाटून घेतले. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली पाठवायचे आणि रामूअण्णा त्या बेळगावात विकायचे. नुसत्या विकायचे नाहीत, तर चालवायलाही शिकवायचे! कारण ज्याला तोल सांभाळता येत नाही तो सायकल घेईल कशाला?

किर्लोस्कर उद्योगसमूह आपली सुरुवात १८८८ या सालापासून मोजतो. म्हणजे लक्ष्मणराव तेव्हा अवघे एकोणीस वर्षांचे होते. भांडवल थोडे, व्यापाराचा अनुभव शून्य. धंदा कसा करावा हे आधी पुस्तकात वाचून मग त्यांनी दुकान काढले नाही. दुकान काढले आणि धंदा काय असतो ते दुकानाने शिकवले.

पण इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. त्यांनी शिक्षकाची नोकरी लगेच सोडली नाही. महिन्याचा पगार चालू होता आणि बाजूला छोटा उद्योगही चालू होता. नोकरी सोडली ती १८९७ साली. त्यालाही कारण घडले. बढतीची पाळी त्यांची होती, पण ती जागा एका अँग्लो-इंडियन माणसाला दिली गेली. हा अपमान त्यांनी गिळला नाही. राजीनामा दिला आणि सरळ बेळगाव गाठले. वय होते अठ्ठावीस.

एवढ्या वर्षांत सायकलींच्या व्यवहाराने त्यांना आणि रामूअण्णांना बरेच काही शिकवून ठेवले होते. म्हणून राजीनामा देताना पायाखाली थोडी तरी जमीन होती. त्यांचे दुकान ज्या रस्त्यावर होते तो बेळगावातला रस्ता आजही किर्लोस्कर रोड म्हणून ओळखला जातो.

दोन वर्षे न खपलेला नांगर

सायकलींची दुरुस्ती करता करता छोटे वर्कशॉप उभे राहिले. आजूबाजूला बघितले तर सगळा मुलूख शेतकऱ्यांचा. मग त्यांच्या उपयोगाचे काहीतरी करावे असे ठरले. पहिली वस्तू तयार झाली कडबा कापायचे यंत्र. जनावराला अख्खा कडबा टाकला की बराच वाया जातो. बारीक कापून दिला की सगळा पोटात जातो. शेतकऱ्याच्या घरचा साधा प्रश्न आणि त्यावर साधे यंत्र!

त्यानंतर आला लोखंडी नांगर. आपल्याकडचा लाकडी नांगर जमीन वरवर उकरतो. काळ्या रानात हरळी आणि कुंदा खोलवर मुळे धरून बसतात. ती काढायची तर जमीन खोल फाडून मातीची ढेप उलटी करायला हवी. लोखंडी नांगर हे करतो. तोपर्यंत असे नांगर इंग्लंडहून यायचे. ते आपण इथेच बनवायचे, असे लक्ष्मणरावांनी ठरवले.

नांगर तयार झाला, पण घेणार कोण? लोखंडाने जमिनीला विष चढते, पीक येत नाही, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिला नांगर विकायला दोन वर्षे लागली. दोन वर्षे! आपण एखादी वस्तू दोन दिवस खपली नाही तरी खचून जातो.

शेतकऱ्यांना आपण हसायचे कारण नाही बरं का. त्यांचे सगळे पोट त्या जमिनीवर. एक हंगाम वाया गेला तर वर्षभर खायचे काय? त्यांची भीती खरी होती. अशी भीती नुसत्या बोलण्याने जात नाही. शेजारच्या रानातली नांगरट डोळ्यांनी बघितली, त्यात पीक उभे राहिलेले दिसले, की मग जाते. त्याला वेळ लागतोच. नांगर बनवायला कौशल्य लागले, पण विकायला लागला धीर. आणि हा धीर काही आधीपासून साठवून ठेवलेला नव्हता. रोज दुकान उघडता उघडता तो आला.

जागा गेली, गाव वसले

नांगराची गाडी कुठे रुळावर येत होती, तोच दुसरे संकट आले. बेळगावच्या नगरपालिकेच्या निर्बंधांमुळे कारखान्याची जागा सोडणे भाग पडले. यंत्रे, सामान, कामगार आणि त्यांची कुटुंबे घेऊन जायचे कुठे?

तेव्हा औंध संस्थानचे अधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला आले. (मुलांनो, हे आपल्या पुण्यातले औंध नव्हे, सातारा जिल्ह्यातले यमाईदेवीचे औंध!) बाळासाहेब स्वतः चित्रकार होते. रंग न दिसणाऱ्या या कारागिरावर त्यांनी विश्वास टाकला. कुंडल रोड रेल्वे स्टेशनजवळ जागा दिली आणि दहा हजार रुपये बिनव्याजी कर्जाऊ दिले.

जागा कशी होती म्हणता? बत्तीस एकर उजाड माळ. निवडुंग माजलेला आणि नागांचा सुळसुळाट. पाणी, घरे, रस्ता यांपैकी काही नाही. कारखान्यासाठी तयार जागा म्हणतात ती ही नव्हेच. पण स्टेशन जवळ होते, म्हणजे कच्चा माल आणता येणार आणि नांगर पाठवता येणार. लक्ष्मणरावांनी नेमके ते बघितले.

१९१० साली साधारण पंचवीस कामगार आणि त्यांची कुटुंबे या माळावर आली. लक्ष्मणरावांचे वय तेव्हा चाळीस होते. निवडुंग तोडणे, विहिरीचे बघणे, निवारा करणे आणि कारखानाही उभारणे, सगळे एकाच वेळी. त्यांच्या पत्नी राधाबाई आणि इतर घरच्या बायकांनी त्या माळावर संसार मांडले, हे विसरून चालणार नाही. पुरुषांनी नांगर घडवले तर बायकांनी गाव घडवले, असेच म्हणावे लागेल. त्या गावाचे नाव किर्लोस्करवाडी. आज ते सांगली जिल्ह्यात पलूस तालुक्यात आहे. पुण्याहून मिरजेकडे रेल्वेने जाल तेव्हा वाटेत हे स्टेशन लागेल. खिडकीतून जरूर बघा.

अपुरी माणसे, पुरे काम

लक्ष्मणरावांचे सहकारीही असेच. शंभोराव जांभेकर, मंगेशराव रेगे, के. के. कुलकर्णी, अनंतराव फळणीकर ही त्यातली काही नावे. मोठमोठ्या पदव्या घेऊन आलेली ही मंडळी नव्हती. फळणीकर तर शिक्षण अर्धवट सोडून आलेले, पण डोक्यात कल्पना भरपूर! लक्ष्मणराव माणसाचे प्रमाणपत्र बघत नसत, काम करायची धडपड बघत. काम अंगावर टाकायचे, चुकले तर पुन्हा करायला लावायचे. त्यातून माणूस तयार व्हायचा.

दरोड्याच्या गुन्ह्यात शिक्षा भोगून आलेल्या दोघांना त्यांनी चक्क रखवालदार म्हणून ठेवले. आणि ते दोघे वाडीचे विश्वासू राखणदार ठरले. वाडीत अस्पृश्यता पाळायची नाही, हाही त्यांचा आग्रह होता. त्या काळात हे सोपे नव्हते.

पहिल्या महायुद्धात लोखंडाची टंचाई झाली. परदेशातून माल येईना. तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी संस्थानातल्या जुन्या तोफा दिल्या आणि त्या वितळवून नांगर झाले. काय सुंदर गोष्ट आहे नाही? माणसे मारण्यासाठी ओतलेले लोखंड शेवटी रानात चालले.

१९२० साली किर्लोस्कर ब्रदर्स ही कंपनी मर्यादित कंपनी झाली. त्याच वर्षी वाडीतून ‘किर्लोस्कर खबर’ हे नियतकालिक सुरू झाले. ते लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव संपादित करत. पुढे तेच ‘किर्लोस्कर’ मासिक म्हणून घराघरात गेले. नांगरापाठोपाठ उसाचे चरक, पंप अशी यंत्रे आली. मुलगा शंतनुराव अमेरिकेतून इंजिनिअर होऊन आला आणि त्याने हा पसारा आणखी वाढवला. आपल्या पुण्यात खडकीला १९४६ साली किर्लोस्कर ऑइल इंजिन्स सुरू झाली, ती याच वेलाची एक फांदी.

संकटे मात्र शेवटपर्यंत आली. १९४८ सालच्या जाळपोळीत किर्लोस्करवाडीच्या कारखान्याचे मोठे नुकसान झाले. कारखाना पुन्हा उभा राहिला. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणरावांचे निधन झाले. त्यांच्या जन्मशताब्दीला, म्हणजे २० जून १९६९ रोजी, भारत सरकारने त्यांच्यावर टपाल तिकीट काढले.

माझी एक चूक

आता एक गोष्ट माझी सांगते. सांगताना बरे वाटत नाही, पण सांगायला हवी.

आमच्या शाळेत दरवर्षी बाल आनंद मेळावा असतो. मुले भेळ, सरबत, भाजीपाला, असे काही ना काही विकायला बसतात. मागे एकदा चौथीतली एक मुलगी माझ्याकडे आली. तिने जुन्या वर्तमानपत्रांच्या अकरा कागदी पिशव्या बनवल्या होत्या. तिला त्या मेळाव्यात विकायच्या होत्या. मी बघितल्या. बंद थोडे वाकडे चिकटवलेले होते. मी तिला प्रेमानेच सांगितले, की यंदा राहू दे, पुढच्या वर्षी नीट तयारी करून स्टॉल लाव. ती काही बोलली नाही. पिशव्या माझ्या टेबलावर ठेवून गेली.

पुढचे वर्ष आलेच नाही. परीक्षा संपल्यावर तिचे आईवडील शाळा सोडल्याचा दाखला न्यायला आले. भाडे परवडेना म्हणून ते गावी परत चालले होते. दाखला मीच लिहिला.

त्यातल्या एका पिशवीत मी आजही खडू ठेवते. अजून फाटलेली नाही.

शिक्षक मित्रांनो, आपण रोज हेच करतो का? पाठ झाल्याशिवाय बोलू नको, अक्षर सुधारल्याशिवाय फलकावर लिहू नको, इंग्रजी पक्के झाल्याशिवाय इंग्रजीत बोलू नको. आपला हेतू चांगलाच असतो. मुलाचे हसे होऊ नये, एवढेच आपल्याला वाटते. पण त्यातून मूल शिकते काय? तर आधी परिपूर्ण व्हायचे आणि मग सुरुवात करायची. आणि परिपूर्ण तर कुणीच कधी होत नाही! मग पंधरा वर्षे लेथवर हात बसलेला माणूसही म्हणतो, की अजून तयारी नाही.

मग आपण काय शिकायचे?

पालकहो, या गोष्टीतून उद्याच नोकरी सोडा आणि कर्ज काढा, असा अर्थ कृपया काढू नका. लक्ष्मणरावांनी तसे केलेले नाही. तीन गोष्टी मात्र त्यांच्याकडून घेण्यासारख्या आहेत.

पहिली गोष्ट, पाऊल लवकर टाका, पण लहान टाका. बुडले तरी घर बुडणार नाही इतके लहान. नोकरी सांभाळून रविवारी एखादे छोटे काम स्वतःच्या नावावर घेऊन बघता येते. घरी चकली चांगली होत असेल तर आधी सोसायटीतल्या चार घरांत देऊन बघता येते.

दुसरी गोष्ट, तयारी कामाच्या आत असते, कामाच्या आधी नाही. पोहणे काठावर बसून येत नाही, हे आपल्याला माहीत असते. पण धंद्याच्या बाबतीत आपण ते विसरतो. गिऱ्हाईक काय बोलते, उधारी कशी अडकते, भाव कसा ठरवायचा, हे पहिल्या विक्रीशिवाय कळतच नाही.

तिसरी गोष्ट, एकट्याने उडी मारू नका. लक्ष्मणरावांना रामूअण्णा होते, राधाबाई होत्या, बाळासाहेब होते, शंभोराव होते. आपलाही एक रामूअण्णा शोधा. आणि कुणाला गरज असेल तर आपण त्याचे रामूअण्णा व्हा.

मी माझ्यापुरता एक बदल केला आहे. आता मेळाव्यात कुणालाच नाही म्हणायचे नाही. भांडवल जास्तीत जास्त पन्नास रुपये. जमाखर्च मुलांनी स्वतः वहीत लिहायचा. माल उरला तर का उरला ते दुसऱ्या दिवशी वर्गात सांगायचे. त्यावर हसायचे नाही, टाळ्या वाजवायच्या. यंदा एका मुलाचे लिंबूसरबत आंबट झाले आणि निम्मे उरले. त्याने वहीत लिहिले आहे, की पुढच्या वेळी आधी आईला चाखायला द्यायचे. मला तर हा धडा पुस्तकातल्या कुठल्याही धड्यापेक्षा मोठा वाटला.

वर्गासाठी उपक्रम

१. महाराष्ट्राच्या नकाशावर औंध, किर्लोस्करवाडी आणि पुणे ही ठिकाणे शोधा. बेळगाव कोणत्या राज्यात आहे ते पाहा.

२. लाकडी नांगर आणि लोखंडी नांगर यांत काय फरक आहे? घरातल्या आजी-आजोबांना विचारून पाच वाक्ये लिहा.

३. लक्ष्मणरावांना रंग नीट दिसत नव्हते, तरी त्यांनी कोणता मार्ग काढला? तुम्हाला एखादी गोष्ट जमत नसेल तर तिच्याजवळची कोणती गोष्ट जमेल, ते लिहा.

४. आपल्या परिसरातल्या एखाद्या दुकानदाराला किंवा वर्कशॉपवाल्या काकांना भेटा. पहिल्या दिवशी त्यांच्याकडे काय काय नव्हते, ते विचारा. (काय होते ते नाही, काय नव्हते ते!)

५. तयारी नाही म्हणून तुम्ही पुढे ढकललेली एक गोष्ट वहीत लिहा. तिचा सगळ्यात छोटा तुकडा कोणता? तो आज संध्याकाळपर्यंत करा आणि उद्या वर्गात सांगा.

पाचवा प्रश्न मोठ्यांसाठीही आहे बरं का! मीसुद्धा माझे उत्तर लिहिले आहे. त्या मुलीच्या गावचा पत्ता शाळेच्या दप्तरात आहे. तिला पत्र लिहायचे कधीपासून मनात होते, पण काय लिहावे ते सुचत नव्हते. आज पहिली ओळ लिहिली. पुढचे लिहिता लिहिता सुचेल.